आमच्या घरात पणजीचा फोटो नाही

आजोबांचा आहे, आजीचा आहे, लहानपणीच गेलेल्या एका काकाचा पण आहे फ्रेम करून, पण पणजीचा नाही. तिने काढूच दिला नाही कधी. आजीच्या लग्नातला एक ग्रुप फोटो आहे, चर्चच्या पायऱ्यांवर सगळे ताठ उभे, आणि मागच्या ओळीत एका बाईने ऐन वेळी तोंड फिरवलंय, नुसता पदर आणि एक कान दिसतो. तो कान आमच्या पणजीचा. लहानपणी आम्ही पोरं त्या कानाला हसायचो. म्हातारी फोटोला घाबरायची एवढंच आम्हाला माहीत होतं, आणि ते खरं नव्हतं हे कळायला मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी युगांडाला जावं लागलं.

मी नर्स आहे. सोलापुरात एकाच दवाखान्यात चोवीस वर्षं झाली. २०२३ च्या जुलैत आमच्या मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, आणि पुण्या-नगरकडच्या चर्चमधले मिळून आम्ही अकरा जण मिशन ट्रिपला गेलो, तीन आठवडे, पूर्व युगांडातल्या सोरोटी शहराच्या आसपासच्या खेड्यांमध्ये. तिथल्या चर्चबरोबर मेडिकल कॅम्प घ्यायचे, सकाळ-संध्याकाळ उपासना, मुलांसाठी संडे स्कूल, असा कार्यक्रम. निघायच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी आम्हा चौघा सोलापूरकरांना पुढे बोलावून डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मंडळीने अर्पण गोळा करून दिलं, आणि दारात चपला घालताना एक वडीलधारे मला म्हणाले, सिस्टर, फोटो भरपूर काढा हं, आल्यावर प्रोजेक्टरवर बघू. आईने शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचा डबा दिला. तिथं काय मिळतंय काय की, म्हणाली. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने आम्ही मुंबईला निघालो तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट होती आणि मी ती अगदी मनापासून मानत होते, की आपण उपकार फेडायला निघालोय. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तिथून नगर, नगरवरून सोलापूर, शाळा काढल्या, दवाखाने काढले, बोर्डिंग काढलं, त्या बोर्डिंगात आमची पणजी वाढली, आणि तिच्यामुळे आज आम्ही आहोत. त्यांनी दिलं, आता आपली पाळी. इतकं सरळ होतं ते माझ्या डोक्यात.

पणजीची गोष्ट आमच्या घरात साक्ष म्हणून सांगतात, म्हणजे देवाने आयुष्यात काय केलं ते चारचौघांत सांगायचं तशी. ती अशी, की पणजी लहान असताना तिने गावात आलेल्या प्रचारकांचं भजन ऐकलं, तिचं मन हेलावलं आणि तिने प्रभूला स्वीकारलं. मी स्वतः ही साक्ष तरुण संघात किमान दहा वेळा दिली असेल. एकदाही माझ्या मनात आलं नाही की ते साल १९०० होतं, दुष्काळाचं साल, आणि पणजी तेव्हा पाच वर्षांची होती.

दुसरी बाजू आम्हाला बाहेरून ऐकायला मिळायची. सातवीत असताना एका मैत्रिणीच्या घरी खेळायला गेले होते, तिची आजी आतून कुणाला तरी सांगत होती, ती व्हय, ती पोटासाठी बाटलेल्यांची. मी घरी येऊन रडले. वडील काही बोलले नाहीत, पण आईने मला समोर बसवून पुन्हा ती भजनाची साक्ष सांगितली, जरा जास्तच जोरात. तेव्हापासून ते वाक्य माझ्या आत कुठंतरी काट्यासारखं रुतलेलं होतं. कुणी नुसतं विचारलं की तुम्ही ख्रिश्चन कसे काय हो, तर मी लगेच सावध व्हायचे, आवाज चढायचा, आणि भूक हा शब्द चुकूनही तोंडात येऊ द्यायचे नाही.

एंटेबेच्या विमानतळापासून सोरोटी म्हणजे बसने अख्खा दिवस. जिंजाला नाईल ओलांडताना टीममधल्या सगळ्यांनी खिडकीला गर्दी केली, मला मात्र झोप आवरत नव्हती. जागी झाले तेव्हा रस्त्याच्या कडेला आंब्याची झाडं होती, सपाट माळ होता, बैलजोडी घेऊन नांगरणारा माणूस होता, आणि क्षणभर खरंच वाटलं की मोहोळच्या अलीकडे आलोय. हा तेसो लोकांचा मुलूख. पहिल्या गावात उतरलो तर बायका हात पुढे करून म्हणतायत, योगा, योगा! आमच्यातला एक मुलगा गोंधळून गेला, त्याला वाटलं भारतातून आलेत म्हणून योगासनं करून दाखवायला सांगतायत. त्यांच्या भाषेत योगा म्हणजे नमस्कार. आणि एयालामा म्हणजे धन्यवाद. हे दोनच शब्द मला शेवटपर्यंत नीट आले.

कॅम्पचं फार सांगत नाही, कॅम्प सगळीकडे सारखेच. ताप, खोकला, गरोदर बायका, गुडघे धरून आलेले म्हातारे, आणि मलेरिया, इतका मलेरिया की किटवर दोन रेघा दिसल्या नाहीत तरच नवल वाटायचं. बोटाला सुई टोचायची, थेंब घ्यायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, रेघ बघायची, गोळ्या द्यायच्या, की पुढचा. माझ्याबरोबर तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रातली एक नर्स होती, वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान पण हात माझ्यापेक्षा स्वच्छ चालायचा तिचा, रडणाऱ्या पोराला मांडीत घेऊन ती काहीतरी पुटपुटायची आणि पोराला सुई टोचल्याचं कळायच्या आत काम झालेलं असायचं.

चौथ्या दिवशी एक बाई आली, चार-साडेचार वर्षांचा मुलगा कडेवर. पोट फुगलेलं, पाय काटकुळे, अंगात एक फाटका बनियन, बाकी काही नाही. तपासणी झाली. आमच्याकडे कपड्यांचं गाठोडं होतं, त्यातून कुणीतरी निळा शर्ट काढला, आणि शर्ट घालायच्या आधी मी पटकन मोबाईल काढला. चांगल्या मनानेच काढला. आधी एक आणि घातल्यावर एक, मंडळीला कळेल तरी त्यांच्या पैशाचं काय झालं. मी मोबाईल वर धरला आणि त्या बाईने, एक शब्द न बोलता, आपल्या डाव्या हाताने त्या पोराचं डोकं स्वतःच्या मानेशी दाबून धरलं आणि अर्धी वळली. मला स्क्रीनवर तिचा खांदा दिसला, आणि त्या पोराचा एक कान.

माझा हात तसाच राहिला. मी मोबाईल खाली घेतला, शर्ट तिच्या हातात दिला, तिने तो घडी करून पिशवीत ठेवला, पोराला तिथं घातला नाही. एयालामा म्हणाली आणि गेली. त्यानंतरचे पेशंट मी कसे तपासले मला आठवत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी आणि ती नर्स बाहेर बसलो होतो, सौर दिव्याखाली ती उद्यासाठी गोळ्यांच्या पुड्या करत होती. गप्प बसणं जड जात होतं म्हणून मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की तुमच्याकडची माणसं एवढ्या गरिबीतही किती आनंदी असतात. तिने पुड्या करणं थांबवलं नाही. म्हणाली, आनंदी नाही, तुम्ही पाहुणे आहात. पाहुण्यापुढे रडायची आमच्यात पद्धत नाही. मग थोड्या वेळाने स्वतःहून सांगायला लागली. २००३ साली एलआरएचे, म्हणजे लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीचे, बंडखोर तेसोत घुसले, पोरं पळवून नेत होते, तेव्हा तिच्या घरचे सगळे गाव सोडून सोरोटीत येऊन राहिले. ती दहा वर्षांची. मक्याच्या पिठाची रांग असायची. ती म्हणाली, आम्हाला वाढायला आलेली माणसं चांगली होती, त्यांनी वाढलं नसतं तर मी आज नसते, मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करते. पण माझा फोटो कुणाकडे तरी आहे. हातात भांडं घेतलेला. कुठल्या देशात, कुठल्या भिंतीवर, मला माहीत नाही, आणि त्याच्यात माझं नाव लिहिलेलं नसणार.

दोन्ही गोष्टी ती एकाच आवाजात बोलली. प्रार्थनेची पण आणि फोटोची पण. मला वाटलं होतं यातली एकच खरी असू शकते.

दुसऱ्या दिवशी रविवार. आंब्याखाली उपासना झाली आणि मग लिलाव. लोकांनी अर्पणात पैशाऐवजी आणलेलं सगळं, अंडी, एक कोंबडी, ऊस, शेंगांचं टोपलं, पुढे मांडून बोली लावायला सुरुवात झाली आणि माझे डोळे भरून आले, कारण हे डिट्टो आमचं उपकारस्तुतीचं चर्च, पिकासाठी देवाचे आभार मानायचा सण. मंगळवेढ्याकडचा कुणीतरी ज्वारीची कणसं घेऊन येतो, कुणी भोपळा, कुणी गावरान कोंबडा, आणि चर्चच्या अंगणात लिलाव. त्यांनी हे आमच्याकडून घेतलं नाही, आम्ही त्यांच्याकडून घेतलं नाही. तरी तेच.

जेवायला त्या नर्सच्या आईकडे गेलो. चटईवर मधोमध तपकिरी गोळा, अतापा म्हणतात, भांड्यात शेंगदाण्याची दाट आमटी. गोळ्याचा तुकडा तोडायचा, बोटाने खळगा करायचा, आमटीत बुडवायचा. मी पहिला घास तोंडात घातला आणि थांबले. ज्वारी. त्यात कसावा मिसळलेला होता, चव जरा वेगळी लागत होती, पण ज्वारी ओळखायला सोलापूरच्या बाईला कोण शिकवणार? मी खुणेने विचारलं तर म्हातारीने घरामागचं शेत दाखवलं, कणसं भरलेली. आमच्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की ज्वारी मूळची आफ्रिकेतलीच, इथूनच हजारो वर्षांपूर्वी भारतात आली. म्हणजे जी भाकरी मी आयुष्यभर आपली म्हणून खाल्ली, जी आईने डब्यात बांधून दिली होती तिथं काय मिळतंय काय की म्हणून, ती यांच्याच कुणाच्या तरी परड्यातून निघालेली. मी डबा उघडून शेंगाची चटणी वाढली. म्हातारीला लसूण फार झाला, पण तिने संपवली. आणि मग तिने माझा हात धरून प्रार्थना केली, बरीच लांब. मुलीने नंतर सांगितलं काय मागितलं ते. माझ्या आईसाठी, माझ्या गावाच्या पावसासाठी, आणि मी एवढ्या लांब आलेय तर माझ्या घरात माझी वाट बघणारं कुणी असू दे म्हणून.

माझ्यासाठी कुणी असं काही मागेल हे माझ्या हिशेबात नव्हतं. मागणारी मी असते, त्यांच्यासाठी.

घराजवळच हापसा होता, त्यावर पोरींची रांग. मी बघितला आणि म्हटलं हा तर आपल्याकडचाच. तोच लांब दांडा, तीच डोक्यावरची लोखंडी पेटी, तोच खाली येताना ठक्क आवाज. हापशाचा फोटो काढला (त्याची हरकत कुणाला असणार) आणि रात्री रेंज मिळाल्यावर वडिलांना पाठवला. दोन मिनिटांत फोन आला. वडील त्र्याहत्तर वर्षांचे, सहसा फोनवर तीन वाक्यं बोलतात. त्या दिवशी थांबेचनात. ७२ च्या दुष्काळात ते बोअर मारणाऱ्या गाडीवर हेल्पर होते हे मला माहीत होतं, पुढचं माहीत नव्हतं. त्या काळी बिडाचे हापसे बसवायचे, ते घरगुती वापरासाठी बनवलेले, अख्खं गाव दिवसभर हापसायला लागलं की महिन्याभरात मोडायचे. मग मिशनच्या लोकांनी आधी जालन्याला आणि मग आपल्या सोलापुरात, सोलापूर वेल सर्व्हिसच्या कामात, पोलादाचा मजबूत हापसा तयार केला, दांड्याला बेअरिंग आणि आत साखळी. तोच सोलापूर पंप पुढे युनिसेफने हाती घेतला, त्यात सुधारणा केल्या आणि त्याचा इंडिया मार्क टू झाला, लाखोंनी बसला देशभर. युगांडात त्यांनी त्यावरूनच त्यांचा यू टू केला. तिथल्या पंप मेकॅनिकने मला नंतर तेच नाव सांगितलं. वडील म्हणाले, बेटा, तो हापसा आपला आहे. साखळीला ग्रीस लावतात का विचार त्यांना. कोरडी ठेवली तर तुटती.

मी विचारलं. लावतात.

त्याच फोनवर, रेंज जात-येत असताना, मी वडिलांना विचारलं, पणजी फोटोला का घाबरायची? ते इतका वेळ गप्प राहिले की मला वाटलं कट झाला. मग म्हणाले, घाबरत नव्हती. दुष्काळात तिची आई वाटेत गेली, हिला कुणीतरी बोर्डिंगच्या दारात आणून बसवलं. आल्या आल्या पोरींचा फोटो काढला, अंगावर होतं नव्हतं त्या चिंधीत, ओळीने उभं करून. सहा महिन्यांनी परत त्याच ओळीत, परकर-पोलकं घालून, हातात पाटी देऊन. ती पाच वर्षांची होती पण तिला ते शेवटपर्यंत आठवत होतं. मी अठरा वर्षांचा असताना मला सांगितलं तिने, कुणाला सांगू नको म्हणाली. म्हणून नाही सांगितलं.

मी विचारलं, आणि ते भजन? वडील म्हणाले, भजन नंतर. आधी कण्या. ज्वारीच्या कण्या दिल्या होत्या तिला, ते पण आठवत होतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या मिशनरी बाईने कण्या दिल्या तिच्याबद्दल माझ्या मनात आजही राग नाही, पणजीच्या मनात तर नव्हताच. ती पुढे बायबल वुमन, म्हणजे बायकांना बायबल सांगत फिरणारी प्रचारिका, झाली, अनवाणी गावोगाव फिरली, मरेपर्यंत तिचा विश्वास तसूभर हलला नाही. पण तिने तोंडही फिरवलं. दोन्ही तिनेच केलं. आणि मी चाळीस वर्षं तिचा अर्धाच भाग साक्षीत सांगत आले, कारण उरलेल्या अर्ध्याची मला लाज वाटत होती. कशाची लाज? पाच वर्षांच्या पोरीला भूक लागल्याची?

बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याची गोष्ट मी संडे स्कूलमध्ये किती वेळा शिकवली असेल. दुष्काळात देव त्याला परमुलखात पाठवतो, सारफथला, एका विधवेकडे, जिच्या मडक्यात मूठभर पीठ आहे. मी नेहमी शिकवायचे ते पीठ संपलं नाही या चमत्काराबद्दल. पण गोष्टीत परदेशी गेलेला संदेष्टा हा भुकेला आहे, आणि हात पसरून भाकर मागणारा तोच आहे. तो द्यायला आधी गेलेलाच नाही. येशूने शिष्यांना पाठवतानाही तेच सांगितलं, झोळी घेऊ नका, थैली घेऊ नका, पुढ्यात वाढतील ते खा. आम्ही अकरा जण तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा घेऊन गेलो होतो.

पोटासाठी, हे वाक्य तेव्हापासून मला टोचत नाही. माझी प्रार्थनाच बदलली. आधी मी देवाला रोज सांगायचे, त्यांना दे, यांना दे, जणू माझं भरलेलंच आहे. आता मी आधी माझी भूक सांगते. आमच्या प्रभूने रोजची भाकर मागायला शिकवलं ती काही उपमा म्हणून नाही. पोट त्याला कमीपणाचं वाटत नाही, मला वाटत होतं. आमच्या घरात देव आला तो कण्यांच्या वाडग्यातून आला, आणि त्याला तो रस्ता चालला.

अशा ट्रिपांवर एवढा पैसा घालवावा का, हे लोक विचारतात, आणि प्रश्न बरोबर आहे. आमच्या एका माणसाचा खर्च लाखाच्या पुढे गेला. त्यात तिथल्या आरोग्य केंद्राला मलेरियाच्या कितीतरी किट आल्या असत्या. आपल्याच सोलापूरचे डॉक्टर कोटणीस १९३८ ला चीनला गेले, पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात, त्यांचा काही ख्रिस्ती मिशनशी संबंध नाही, पण मिशन म्हणजे काय ते त्यांच्याकडून शिकावं, भाषा शिकले, तिथलेच झाले, आणि १९४२ च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. आमचे तीन आठवडे त्याच्या जवळपासही नाहीत. मला वाटतं जायचंच असेल तर तिथल्या नर्सच्या हाताखाली काम करायला जावं, ती सांगेल ते, ती म्हणेल तितकंच, आणि पैसे तिच्या केंद्राला सरळ पाठवावेत. आता आम्ही चौघं तेच करतो. तीन महिन्यांनी, थोडे थोडे.

परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, साक्ष कधी? फोटो कुठायत? मी टाळत राहिले. दवाखान्यात मात्र एक झालं. आमच्या ओपीडीला विडी कामगार बायका खूप येतात, तंबाखूने खोकून खोकून छातीचं खोकं झालेल्या, आणि मी इतकी वर्षं त्यांच्याशी उभ्यानेच बोलायचे, पुढे रांग असते म्हणून. ऑगस्टमध्ये एक पद्मशाली आजी आल्या, औषध घेऊन झालं तरी जाईनात, मी स्टूल ओढून बसले तर त्यांनी पिशवीतून कागदात बांधलेली सकीनालू, तांदळाच्या पिठाची चकलीसारखी, काढली, खा अम्मा, म्हणाल्या, दमलीस. आधीची मी असते तर ती नको नको म्हणत परत केली असती, पेशंटकडून काही घ्यायचं नाही म्हणून. मी दोन खाल्ली, त्यांच्यासमोर बसून.

मार्चमध्ये उपकारस्तुतीचा सण आला आणि पाळकसाहेबांनी सरळ माझं नावच पुकारलं. प्रोजेक्टर लावलेला, पडदा सोडलेला. मी पेन ड्राइव्ह दिला, त्यात एकच फोटो होता, हापशाचा. आधी वडिलांकडे बघितलं. ते तिसऱ्या बाकावर बसले होते, त्यांनी हळूच मान हलवली. मग मी सांगितलं, ज्वारीचं सांगितलं, त्या बाईचं सांगितलं जिने पोराचं तोंड झाकून घेतलं, आणि मग म्हटलं की मी आजवर तुम्हाला माझ्या पणजीची साक्ष सांगत आले ती पुरी नव्हती. ती भुकेने आली होती. तिला आधी कण्या मिळाल्या. भजन नंतर.

चर्चमध्ये इतकी शांतता झाली की पंख्यांचा आवाज यायला लागला. मला वाटलं चुकलं माझं. मी जागेवर जाऊन बसले, पुढची प्रार्थना झाली, आशीर्वाद झाला, लोक अंगणात लिलावाला निघाले. दारात कुणीतरी मागून माझा पदर धरला. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एक आजी, इतक्या वर्षांत सलामच्या पुढे कधी बोलल्या नाहीत माझ्याशी. म्हणाल्या, माझ्या आईची आई पण तशीच आली गं. आम्ही घरात कुणी बोलत नव्हतो. त्यांच्या मागे अजून एकजण उभे होते, ऐकत. त्यांनी काहीच म्हटलं नाही, नुसता माझा हात दाबला.

बाहेर लिलाव सुरू झाला होता. पहिली वस्तू ज्वारीच्या कणसांची जुडी, बोली पन्नासपासून. वडिलांनी हात वर केलेला होता.